सोपानतात्यांच्या तीन चुली

सोपानतात्या कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी चपला काढायचे, आत यायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. मान हळूहळू एका बाजूला कलायची, डावा डोळा मिटायचा आणि मग निकाल जाहीर व्हायचा.

"घूं हाय."

आम्ही भवानीनगरला कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो त्याच दिवशी हा प्रसंग माझ्यावर गुदरला. सामानाचे डाग अजून अंगणात होते. मी शेगडी मांडत होते, तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला, सदऱ्याच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावलेला एक उंच माणूस आत आला आणि खोलीच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा राहिला.

"घूं हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, घूस म्हणतोय. मी पदर खोचून चटकन खुर्चीवर चढले. "कुठं?"

"हितं. वर." त्यानं ट्यूबलाइटकडं बोट दाखवलं. "ह्या पट्टीत. बाई, तुमी उतरा, मला ती खुर्ची द्या."

मी उतरले, तो चढला. टेस्टरनं कुठलासा स्क्रू आवळला आणि खाली उतरून म्हणाला, "आता ऐका."

खरं सांगते, त्याआधी मला काही ऐकू येत नव्हतं. पण त्यानं स्क्रू आवळल्यावर काहीतरी थांबल्याचं मात्र कळलं. घरातून एक नको असलेला पाहुणा उठून गेल्यासारखं वाटलं. मी चहा टाकला. शेजारच्या भिंतीपलीकडचे सोपानराव मासाळ, सगळ्या कॉलनीचे तात्या, आमच्या आयुष्यात आले ते असे.

तात्या कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते. हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर काट्यावर यायचे. वजनाचा आकडा समोर दिसत असूनही तात्या कान लावूनच बसलेले. ट्रॅक्टर लांबून आला की "ह्याचं मागचं बेरिंग बोंबलतंय" असं सांगायचे. निम्म्या वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या निम्म्या वेळा ड्रायव्हर उगाच चाक खोलून बसायचा, मागं गाड्यांची रांग लागायची आणि शिव्यांनी तात्यांचा उद्धार व्हायचा. तात्यांना त्याचं काहीच नसायचं. "कानानं सांगितलं ते म्या सांगितलं," एवढंच म्हणायचे.

हा कान वडिलार्जित होता, असा त्यांचा दावा. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली. "आमच्या बाला मेंढरांच्या सगळ्या वाड्यात एक कोकरू कण्हलं तरी कळायचं," तात्या सांगायचे. "झोपेत उठून नेमकं त्याच कोकराजवळ जायचा. आता मेंढरं ऱ्हायली न्हाईत. कान तेवढा ऱ्हायला."

तात्यांच्या पत्नी हिराकाकू. त्यांच्याबद्दल आता सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा हिराकाकूंचा आवाज म्हणजे कॉलनीचा दुसरा भोंगा होता. कारखान्याचा भोंगा पाळ्या बदलताना वाजायचा, हिराकाकू दिवसभर. "आवं, दूध उतू गेलं!" "आवं, टोपी उलटी घातलीया!" ही वाक्यं मी आमच्या भिंतीला कान न लावता ऐकलेली आहेत. त्याच आवाजात त्या कॉलनीतल्या बायकांचं भजनी मंडळ चालवायच्या. आम्ही बाकीच्या बायका नुसत्या टाळ धरायचो आणि त्यांच्या आवाजाच्या पाठीमागून चालायचो. गाडीमागून पोरं पळतात तशा.

मग काकूंच्या गळ्यात गाठ आली. बारामतीच्या दवाखान्यात मीच सोबत होते. डॉक्टरांनी आधीच नीट समजावून सांगितलं होतं : गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, जीव राखायचा तर आवाज जाईल. तात्या म्हणाले, "जीव राखा." काकू म्हणाल्या, "व्हय." काकूंनी मोठ्या आवाजात म्हटलेला तो शेवटचा शब्द.

ऑपरेशन चांगलं झालं. काकू ठणठणीत झाल्या. पण आवाजाची जी काही उरलीसुरली पुंजी होती ती म्हणजे नुसता वारा. कागदावर कागद घासावा तसा. समोर बसून, पंखा बंद करून ऐकलं तर शब्द कळायचे, नाहीतर नाही. काकू हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या. तात्यांना बोलवायचं तर पातेल्यावर उलथनं वाजवायच्या. एकदा वाजलं की जेवण, दोनदा वाजलं की पाहुणे. भिंतीपलीकडून आता तेवढंच ऐकू यायचं.

तीन-चार वर्षांनी एका मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायकांनी एक घाट घातला. मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारा पोपट म्हणून एक जण होता, त्याला माइक लावायला सांगितला आणि काकूंना आग्रह करकरून पुढं बसवलं. "हळू म्हणा काकू, माइक आहे ना." काकू लाजत लाजत माइकजवळ गेल्या आणि ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. पोपटनं आवाज वाढवला. अजून वाढवला. आणि कर्ण्यातून आलं ते नुसतं "घूंऽऽऽ". गिरणी सुरू झाल्यासारखं. त्या घूंमध्ये काकूंचा आवाज कुठल्या कुठं बुडाला. पोरं हसली. तीही घूं घूं करत अंगणभर पळायला लागली. काकू उठल्या, हातातलं हळदीकुंकवाचं ताट नीट खाली ठेवलं आणि घरी गेल्या.

तात्या कडेला पुरुषांत उभे होते. ते पोपटजवळ गेले. मला वाटलं, भांडणार. पण त्यांनी त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला, बराच वेळ तसेच वाकून राहिले आणि म्हणाले, "पोपट, तुझ्या पेटीत माणसाला बोलायला जागाच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा उद्योग सुरू झाला. "प्री-अ‍ॅम्प करतोय," त्यांनी जाहीर केलं. माइकमधून येणारा आवाज चिमुकला असतो, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हाती द्यायच्या आधी तो जरा वाढवून, धष्टपुष्ट करून द्यायचा, ते काम करणारी पेटी म्हणजे प्री-अ‍ॅम्प. एवढं मला पुढच्या काही महिन्यांत कळलं. इच्छा असो नसो, भिंत एकच असल्यामुळं कळलंच.

"कशासाठी करताय तात्या?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : "छंद हाय. माणसाला काय तरी छंद पायजे."

सगळी कॉलनी मान डोलवायची. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त तात्यांना वाटायचं, कुणाला माहीत नाही.

तेव्हा घरोघरी रेडिओ-टेपचे टू-इन-वन आले होते, केबलवाल्यानं नुकत्याच तारा टाकल्या होत्या, आणि तात्या मात्र काचेच्या जुन्या व्हॉल्व्हच्या मागं लागले. जुन्या रेडिओत असायचे तसले, बल्बसारखे, पेटल्यावर आत नारिंगी उजेड पडणारे. ते का, याला शास्त्रीय कारण त्यांच्यापाशी होतं की नाही देव जाणे. मला त्यांनी सांगितलं ते असं : "बाई, त्यात चूल दिसती. पेटली का इझली, डोळ्यांनी कळतं. त्या नव्या बारक्या किड्यांचं काय कळतंय?" बारके किडे म्हणजे ट्रान्झिस्टर.

व्हॉल्व्ह जमले तेही तीन ठिकाणचे. एक इंदापूरच्या तंबू थेटरातला. थेटर कधीच बंद पडलं होतं, मालकानं अडगळीतला अ‍ॅम्प्लिफायर वैरणीखालून काढून दिला. दुसरा बारामतीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या भंगारातला. तिसरा पुण्याच्या जुन्या बाजारातला, लष्करातून आलेला. खालची अ‍ॅल्युमिनियमची पेटी वालचंदनगरच्या त्यांच्या एका टर्नर मित्रानं वाकवून दिली. तात्यांनी तिन्ही व्हॉल्व्हना नावंही दिली : थोरली, मधली, धाकटी. थोरलीचं काम घरातली वीज सरळ करून बाकीच्या दोघींना पुरवायचं. धाकटी सगळ्यांत नाजूक, माइकचा आवाज पहिल्यांदा तिच्या हाती.

अडचण होती ती चुलीची. व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक तार असते, ती तापल्याशिवाय व्हॉल्व्ह कामाला लागत नाही. आणि ह्या तिघींच्या तीन तऱ्हा. थोरलीला पाच व्होल्ट, मधलीला सहाच्या वर थोडे, धाकटीला बारा. तीन घरच्या तीन सुना एका स्वयंपाकघरात. तात्यांनी सुरुवातीला सगळ्यांचं एकत्र निभावून बघितलं.

त्या दिवशी सकाळी अंगणातून त्यांची आरोळी आली, "बाई! मधली गेली!"

आमच्या सासूबाई तेव्हा गावाहून आल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला, शेगडीवरचं दूध उतरवलं आणि डोक्यावर पदर घेऊन थेट तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. "कशानं गेली हो?" त्यांनी विचारलं.

"जळाली," तात्या खिन्नपणे म्हणाले. "चूक माझीच. सहाचीला बारा दिलं म्या. येकदा लख्ख पेटली आन् संपली."

सासूबाई पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. काकू आत दाराआड पोट धरून हसत होत्या. आवाज नसलेलं ते हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि घर चिडीचूप.

बारामतीतून दुसरी मधली आली. तात्यांनी शहाणपण शिकून घेतलं होतं. "परतेकीची चूल येगळी," हे त्यांचं नवं ब्रीद झालं. ते तडक बारामतीला मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथला कारागीर विहिरीवरच्या मोटरी भरणारा. त्यानं विचारलं, "किती हॉर्सपॉवरची?" तात्या म्हणाले, "मोटर न्हाय. तीन चुली पायजेत." बरीच समजूत काढल्यावर त्या माणसानं एकाच ट्रान्सफॉर्मरवर तीन वेगवेगळे वेढे भरून दिले, तीन चुलींना तीन, आणि थोरलीच्या मोठ्या कामासाठी आणखी एक. तात्या तो पंच्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आले. कंडक्टरनं वाकून बघितलं म्हणे, "पोराचं वय काय?"

"आजच जन्मलंय," तात्या म्हणाले.

तिन्ही चुली पेटल्या. ओसरीवर तीन नारिंगी ठिणग्या शेजारी शेजारी. तात्यांनी माइक जोडला, पुढं एक जुना अ‍ॅम्प्लिफायर नि कर्णा जोडला, बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

तात्यांनी आठवडाभर पेटीला हात लावला नाही. काट्यावरही मान खाली घालून बसायचे. कितीतरी ट्रॅक्टर बोंबलणारी बेरिंगं घेऊन तसेच निघून गेले.

त्यांचा दोष असा नव्हता. घरात येणारी वीज सरळ वाहत नाही, झोका खाते. चुलीच्या तारांतून ती झोके खात जाते आणि शेजारून जाणाऱ्या माइकच्या चिमुकल्या आवाजाला आपली लागण करते. तीच घूं. कुणीतरी सुचवलं, चुलींना बॅटरी लावा, बॅटरीची वीज झोके खात नाही. तात्यांनी एका ट्रॅक्टरची बॅटरी आणून, मधलीला निम्मी नि धाकटीला पूर्ण अशी लावलीसुद्धा. घूं गेली! पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाला दारात. त्याचा ट्रॅक्टर उसात उभा. बॅटरी गेली आणि जाताना काकूंच्या सतरंजीला अ‍ॅसिडचं एक भोक पाडून गेली. काकूंनी त्या भोकात बोट घालून ते तात्यांना नुसतं दाखवलं. आवाज असता तर पुढचे आठ दिवस आम्हाला पुरलं असतं.

"बॅटरी न्हाय," तात्यांनी ठरवलं. "ती दुसऱ्याच्या दारात उभी ऱ्हाणारी वस्तू. जी वीज घरात हाय तिलाच वळण लावायचं."

वळण शब्दशः लावलं. एका दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले तर तात्या पायरीवर उभे आणि हातात वडिलांची लोकर कातायची टकळी. टकळीला दोन तारांची टोकं बांधलेली, दुसरी टोकं खिडकीच्या गजाला. तात्या मांडीवर टकळी फिरवून सोडत होते आणि तिच्याबरोबर तांबड्या-काळ्या तारा एकमेकींभोवती घट्ट पिळत चालल्या होत्या. काय सुंदर पीळ होता! घोंगडीच्या दशीसारखा एकसारखा.

"हे काय तात्या?"

"दोन तारा येगळ्या गेल्या की दोघी आपापली बोंब मारत जात्यात," ते म्हणाले. "पीळ घातला की एकीनं वर वडलं, दुसरीनं खाली वडलं, भांडण जागच्या जागी मिटलं. शेजाऱ्याला आवाज जात न्हाय. नवरा-बायकोगत."

खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांनी गजावरची गाठ सुटू नये म्हणून बोटानं धरून ठेवली होती. तात्या "ढिली नको सोडू" म्हणाले आणि काकूंनी त्यांच्याकडं असं काही पाहिलं, की मी आत निघून गेले.

पिळलेल्या तारा पेटीच्या कडेकडेनं, कोपऱ्याला चिकटवून नेल्या. माइकची तार दुसऱ्या टोकानं. आणि मधलीच्या नि धाकटीच्या तारांच्या जोडीला बरोबर मधोमध तोलून धरणारं एक बारीक बटण बसवलं, तराजूच्या काट्यासारखं. वजनकाट्यावरच्या माणसाला ते सुचायला एवढे दिवस का लागले, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. घूं उतरत उतरत गेली. आधी गिरणी, मग भुंगा, मग डास. डासापाशी येऊन अडली.

तोवर दत्तजयंती जवळ आली. कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दिवेलागणीला जन्म होतो आणि बायका पाळणा म्हणतात. पूर्वी तो हिराकाकू म्हणायच्या. तात्यांनी देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आबा, त्यांना जाऊन सांगितलं, "औंदा माइकचं माझ्याकडं लागलं. पाळणा हिरा म्हणंल."

आबा भला माणूस. पण संक्रांतीचं त्यांनाही आठवत होतं. "तात्या, पुन्यांदा तसं झालं तर वहिनींच्या जिवाला लागंल."

"झालं तर म्या हितं पुन्यांदा पाऊल ठेवणार न्हाय," तात्या म्हणाले.

काकूंना हे मी सांगितलं. त्यांनी जोरजोरात मान हलवून नकार दिला. मग बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लई वर्सं झाली. शब्द आठवत्यात का बगते."

आदल्या दिवशी सकाळी तात्यांनी पेटी, अ‍ॅम्प्लिफायर, कर्णा सगळं देवळात नेऊन मांडलं आणि बटण दाबलं. डासाचा पुन्हा भुंगा झाला होता. पोपट त्याचे मोठे स्पीकर घेऊन आला होता, तो म्हणाला, "तात्या, माझं मशीन लावू का?" तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळा मिटून देवळाला तीन फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं, प्रदक्षिणा घालतायत. तिसऱ्या फेरीला थांबून म्हणाले, "देवळाला अर्थिंगच न्हाय. घूं जमिनीत उतरंल कुठनं?"

देवळामागं कमरेएवढा खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ. कोळसा मिळाला, मीठ कमी पडलं. तात्या टोपलं घेऊन घरोघरी निघाले. "मूठभर मीठ द्या." कुणी कशाला म्हणून विचारलं नाही. दाराआडून ओंजळी येत राहिल्या. ज्या पोरांनी संक्रांतीला घूं घूं केलं होतं त्यांच्या आयांनी तर बरण्या उपड्या केल्या. माझ्या घरी त्या दिवशी आमटी अळणी झाली. बहुतेक सगळ्याच घरी झाली असावी. टोपलं भरून वर शीग आली तेव्हा तात्या चौकात थांबले, टोपल्याकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "लोकांना माझ्या छंदाचं बरंच कवतिक दिसतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊळ भरलं. पाळणा फुलांनी सजवला होता. तात्यांनी स्पीकर पुढं, लोकांकडं तोंड करून लावले, म्हणजे त्यातला आवाज उलटा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये. माइक काकूंच्या ओठांशी आणला. चुली पेटवल्या. त्या तापू दिल्या. मग तात्या पहिल्या स्पीकरला कान लावून बसले आणि टेस्टरनं ते बारीक बटण केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायला लागले. एकदम थांबले. उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि म्हणाले,

"ऐका!"

सगळ्यांनी ऐकलं. काही नव्हतं.

"काय ऐकायचं?" आबांनी विचारलं.

"कायबी न्हाय!" तात्यांचा चेहरा उजळला होता. "काय ऐकू येतंय? कायबी न्हाय! हेच!"

पोपट पुढं आला. "आवं तात्या, मशीन बंद हाय तुमचं."

"चालू हाय."

"मग आवाज कुठं हाय?"

"आवाज न्हायच! तीच तर गंमत हाय, गाढवा!"

"बंदच हाय. लाल बत्ती तरी लावायची, माणसाला कळंल."

"चुली दिसत न्हाईत का तुला?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, फ्यूज बघा. आबा उठून वायरींकडं निघाले. तात्या "हात लावू नका!" म्हणून त्यांच्या आडवे गेले. जन्माची वेळ होत आली होती. ह्या गोंधळात चारी स्पीकरांतून, अगदी कानाशी येऊन बोलावं तसा, एक आवाज आला.

"आवं, आधी त्या सदऱ्याचं बटण लावा. देवाच्या दारात हायसा."

तो आवाज मोठा नव्हता. वाराच होता तो, कागदावर कागद घासल्यासारखा. पण त्यातला शब्दन् शब्द मागच्या भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत स्वच्छ गेला. काकूंनी स्वतःचा आवाज ऐकून तोंडावर हात ठेवला होता. मग सगळं देऊळ हसलं. हसलं म्हणजे काय, पोटभर हसलं. आबा हसताना खांबाला धरून उभे राहिले.

तात्या बटण लावायला गेले. लागेना. तांबड्या-काळ्या तारांना एवढा सुरेख पीळ देणारी बोटं, त्यांना एक काज सापडेना. शेवटी पोपटनं पुढं होऊन त्यांचं बटण लावलं.

घंटा वाजली, फुलं उधळली, आणि हिराकाकूंनी पाळणा म्हटला. मी आजवर पुष्कळ पाळणे ऐकले, मोठ्या आवाजातले. बाळ कसं झोपत असेल असं वाटावं असे. काकूंचा पूर्वीचा पाळणाही त्यातलाच. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, पाळणा असाच म्हणायचा असतो. तान्ह्याच्या तोंडावर वाकून, श्वासानं. बाकीच्या बायका सोबत म्हणणार होत्या, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. एका कडव्याला काकू अडल्या, शब्द आठवेना. त्या थांबल्या, आणि त्या थांबण्यातही घूं नव्हती. देवळात दीडदोनशे माणसं आणि फुलाची पाकळी पडलेली कळावी इतकी शांतता. मग शब्द आठवला आणि पाळणा पुढं झुलला.

प्रसाद घेताना जो तो तात्यांचे हात हातात घेत होता. तात्या कुणालाही नम्रपणे वगैरे सांगत नव्हते. "असली शांतता रेडिओ स्टेशनातबी न्हाय," "दिल्लीपर्यंत दाखवा," असं छाती काढून चाललं होतं. पोपटनं विचारलं, "तात्या, मला एक अशी पेटी करून द्या. न्हाईतर हीच द्या." तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोपट, तुला मशीन बंद वाटलं ना? हितनं पुढं जिथं जाशील तितं तेवढंच सांग. माझी बिदागी मिळाली."

पुढचे कित्येक दिवस तात्यांनी ही कथा काट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला ऐकवली. गाड्यांची रांग लागायची, पण आता शिव्या कुणी देत नव्हतं.

मला वाटलं होतं, पेटी देवळात राहील. आबांनी तशी विनंतीही केली होती. तात्या म्हणाले, "उत्सवाला घिऊन यीन. एरवी घरात लागती." घरात कशाला लागते, ते काही सांगितलं नाही.

पौषातल्या एका रविवारी सकाळी मी वाटीभर तिळाची चटणी घेऊन त्यांच्याकडं गेले. ओसरीवर तात्या पायरीला टेकून बसले होते, हातात बाजाराची पिशवी, पायांत चपला. डोक्यावरच्या कोनाड्यात एक छोटा स्पीकर. त्याची तार भिंतीवरून आत गेलेली. मी आत गेले. स्वयंपाकघरात फळीवर अ‍ॅम्प्लिफायरशेजारी तिन्ही चुली मंद पेटलेल्या आणि ओट्यापाशी, काकूंच्या तोंडाच्या उंचीवर, खिळ्याला माइक टांगलेला. उलथनं पातेल्यात होतं, आणि भाजी परतण्यापलीकडं त्याला आता काम नव्हतं. काकू भाकरी थापत होत्या.

मला बघून त्यांनी हसून मान हलवली आणि माइककडं तोंड करून म्हणाल्या, "मेथीच्या दोन जुड्या आणा. आन् ताजी बगून घ्या."

बाहेरून ते शब्द मला इतके स्वच्छ ऐकू आले, की "ताजी" म्हणताना त्यांच्या ओठांवर आलेलं हसूही कळलं.

"काय म्हणलीस?" ओसरीवरून तात्यांची हाक आली. "ऐकू आलं न्हाय."

काकूंनी पिठाचा हात झटकला. माझ्याकडं बघून, माइकपासून तोंड बाजूला करून कुजबुजल्या, "रोज असंच. येका सांगण्यात कवाच ऐकू येत न्हाय त्यांना."

मी चटणीची वाटी ठेवली आणि बाहेर आले. तात्यांनी पिशवी खाली ठेवली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, दोन्ही डोळे मिटलेले. मी आलेली त्यांना कळली नाही. ज्यांना ट्यूबलाइटची घूं ऐकू यायची त्यांना माझी पावलं ऐकू आली नाहीत. वरच्या कोनाड्यातून काकू पुन्हा सांगत होत्या, मेथी, दोन जुड्या, ताजी, आणि जमलं तर आलं.

त्या सांगून थांबल्या. तात्यांनी मान कोनाड्याकडं कलवली. मग डोळे न उघडता म्हणाले,

"परत बोल की."